बिननावाचे गाऱ्हाणे

पेद्रू फर्नांडिस मास्तर दुसऱ्याची चूक दाखवताना कागदावर एक भाजलेला काजूगर ठेवत. ज्या ओळीत चूक असेल, बरोबर त्या ओळीवर. कारण विचारले तर सांगत, खिडकीतून वारा येतो, कागद उडतो. टेबलावर काचेचा चांगला वजनदार पेपरवेट पडलेला असे, पण त्याकडे ते बघत नसत. काजूगर ठेवून झाला की ते गप्प बसत. ज्याची ओळ असे त्याने ती वाचायची, चूक शोधायची, दुरुस्त करायची आणि मग काजूगर खायचा. दुरुस्तीआधी खाल्लेला चालत नसे.

या ओळी कवितेच्या नव्हत्या, निबंधाच्याही नव्हत्या. त्या संगणकाच्या प्रोग्रॅमच्या ओळी होत्या. ऐंशीच्या दशकात, मालवणच्या किनाऱ्यावर एका खाडीपलीकडच्या हायस्कुलात सरकारी योजनेतून एक संगणक आला होता. लहान टीव्हीसारखा पडदा, खाली टंकलेखन यंत्रासारख्या कळा, आणि लिहिलेला प्रोग्रॅम साठवायला एक साधा टेपरेकॉर्डर. गाणी ऐकायच्या कॅसेटवरच प्रोग्रॅम भरायचा. मी त्या वेळी एका दैनिकाचा त्या भागातला वार्ताहर होतो. ‘शाळेत संगणक दाखल’ ही माझी बातमी सुपारीच्या बाजारभावाखाली चार ओळींत छापून आली. बातमी संपली तरी मी दर शनिवारी दुपारी तिथे जात राहिलो. मास्तरांच्या पत्नी कातरीनबाई डब्यातून दोदोल, म्हणजे नारळाच्या रसातल्या गुळाच्या वड्या, पाठवत, हे एक कारण. दुसरे कारण मास्तर.

ते गणित शिकवत. उंच, पुढे वाकलेले, खिशाला पेन्सिल. पेन्सिलीला टोक कधी नसे. “टोक काढला की काट मारूची वाटता,” असे ते म्हणत. गावात वीज असण्यापेक्षा नसण्याचाच भरवसा अधिक होता. त्यामुळे प्रोग्रॅम यंत्रावर कमी आणि कागदावर जास्त चाले. हाताने उतरवलेल्या ओळी टेबलावर पसरायच्या आणि सगळ्यांनी त्या वाचायच्या.

सगळे म्हणजे मुख्यतः दोघे. एक कुडाळच्या बँकेतले आप्पा नाबर. त्यांनी टपालाने संगणकाचा अभ्यासक्रम केला होता आणि आयुष्यात संगणक पहिल्यांदा पाहिला तो या शाळेत. दुसऱ्या कुंदा सावंत. बांद्याच्या, शाळेत तात्पुरत्या नेमणुकीवर आलेल्या शिक्षिका. याखेरीज रेडीच्या बंदरावरून, विजयदुर्गाकडून कोणी ना कोणी एसटीच्या कंडक्टरबरोबर कॅसेट पाठवी. यातल्या कोणालाही या कामाचा पैसा मिळत नव्हता. मुलांच्या गुणपत्रिका तयार करणारा एक प्रोग्रॅम सगळ्यांनी मिळून लिहायचा, असे ठरले होते. कॅसेटच्या वेष्टनावर मास्तरांनी लिहून ठेवले होते: ‘कोणीही घ्यावा. सुधारल्यास परत पाठवावा.’

मास्तर पहिल्यापासून काजूगर ठेवत नसत. सुरुवातीला ते लाल शाई वापरत. वीस-बावीस वर्षे मुलांच्या वह्या तपासलेला हात होता तो. नाबरांनी पहिला प्रोग्रॅम आणला तेव्हा त्यांनी तो वहीसारखा तपासला आणि समासात लिहिले, ‘हे कोणी शिकवले?’ नाबरांनी कागद घडी केला, कॅसेट पिशवीत टाकली आणि मिळेल त्या एसटीने कुडाळ गाठले. नंतर ते महिनोन्‌महिने फिरकले नाहीत.

गुणांची बेरीज-सरासरी करणारा भाग नाबरांकडे होता. तो नसेल तर प्रोग्रॅम म्हणजे नुसती नावांची यादी. शेवटी मास्तर कुडाळला गेले आणि बँकेत रांगेत उभे राहिले. मीही बरोबर होतो. मास्तरांचा नंबर आल्यावर नाबरांनी मान वर केली.

“मास्तर, तुमी माका पगार देतास?”

“नाय रे आप्पा.”

“मी रजा टाकून येतंय. मगे ‘कोणी शिकवले’ म्हणान माझ्या बापाशीचो उद्धार कित्याक? माका गणित तेनीच शिकवला.”

“बापाशीक कोण बोललो? तुझी ओळ चुकली होती.”

“ओळ चुकली ना? मगे ओळीक बोला. माका कित्याक बोललास?”

एवढे बोलून नाबरांनी समोर ‘पुढील खिडकीवर जावे’ ही पाटी उभी केली. पुढची खिडकी बंद होती. मास्तर तिच्यासमोर थोडा वेळ उभे राहिले, मग आम्ही परत आलो.

त्याच आठवड्यात मास्तरांच्या शेजारी नारळांची चोरी झाली आणि आबा गावकरांना गाऱ्हाणे घालायला बोलावले. सिंधुदुर्गात हे नवे नाही. कामाचा आरंभ असो, संकट असो, गावातला जाणता माणूस हात जोडून देवापुढे सगळी हकिकत मांडतो आणि जमलेले लोक प्रत्येक वाक्याला “व्हय म्हाराजा” म्हणतात. मास्तर लहानपणापासून कुंपणाअलीकडे उभे राहून गाऱ्हाणी ऐकत आले होते. त्या दिवशी त्यांनी ते प्रथमच गणितासारखे ऐकले.

“आबा म्हणालो, ज्या कोणाच्या हातसून नारळ गेले आसतीत तेका तशी बुद्धी दी आणि गेलेला धन जागच्या जाग्यार हाड,” त्यांनी मला दुसऱ्या दिवशी सांगितले. “सगळ्यांत मोठ्यान ‘व्हय म्हाराजा’ कोण म्हणालो, ठावक आसा? नारळ नेल्लो तोच! आणि आज सकाळी नारळ पायरीर. एकाचाय नाव घेवक नाय. चोराक तोंड लपवची पाळी येवक नाय, म्हणान तेका परत हाडूक वाट ऱ्हवली.”

त्यांनी लाल शाईची बाटली कातरीनबाईंना देऊन टाकली. बाईंनी त्या शाईने चर्चच्या फेस्ताच्या, म्हणजे वार्षिक सणाच्या, पताका रंगवल्या. नाबरांना मी निरोप दिला, की मास्तर यापुढे फक्त ओळीला बोलतील. ते आले, पण पिशवी खांद्यावरून न काढता बसले.

नाबरांचा प्रोग्रॅम चालत होता, यात वाद नव्हता. अडचण वेगळी होती. प्रोग्रॅममध्ये प्रत्येक आकड्याला एक नाव द्यावे लागते. नाबरांनी घरातली माणसे वापरली होती. मराठीचे गुण म्हणजे मामा, गणिताचे काका, आणि सगळ्यांची बेरीज म्हणजे आत्या. मास्तर उठले, चपला काढल्या आणि कागदापुढे हात जोडले.

“बा म्हाराजा! आज कुडाळसून एक काम इलेला आसा. बेरीज बरी जुळता, सरासरी बरी येता!”

आम्ही एकमेकांकडे पाहिले. कुंदाबाई प्रथम भानावर आल्या. “व्हय म्हाराजा!”

“पण ह्या घरात मामा आणि काका एका पंगतीक बसलेले आसत, आणि बिचाऱ्या आत्येचे सहा भाग केलेले आसत. कोण कोणाचो कोण, ता घरच्यांक ठावक. उद्या परको माणूस घरात इलो, तर तेनी नमस्कार कोणाक करूचो? तर ज्या कोणाच्या हातसून ही सोयरीक जुळली आसात, तेका तशी बुद्धी दी, आणि जेचा ता नाव तेका मिळू दी!”

“व्हय म्हाराजा!” सगळ्यांत मोठा आवाज नाबरांचा होता. मग त्यांनी पिशवी खांद्यावरून उतरवली.

तेव्हापासून तीच रीत पडली. आधी जे बरे आहे ते सांगायचे. मग चूक, पण कोणाची ते नाही. एका बैठकीत तीनपेक्षा अधिक काजूगर नाहीत. चौथी चूक दिसली तरी मास्तर म्हणत, “ऱ्हवांदे. म्होरच्या शनवारी आमका काम नको?” नाबरांच्या चुका मात्र कमी होईनात. कातरीनबाईंनी एकदा काजू खारवून पाठवले, त्या आठवड्यात तर त्या वाढल्या. ते मुद्दाम चुकतात असा कुंदाबाईंचा संशय होता. तो शेवटपर्यंत सिद्ध झाला नाही.

गावात बोलणे झाले आणि एका शनिवारी चर्चचे तरुण फादर चौकशीला आले.

“मास्तर, ऐकतो ते खरे? तुम्ही गाऱ्हाणे घालता?”

“फादर, मी देवाक सांगणंय नाय. प्रोग्रॅमची भाषा तेका येता की नाय, माका ठावक नाय. मी मशिनीक सांगतंय.”

फादर हसले. यंत्र बघून त्यांचे समाधान झाले. बोलता बोलता त्यांनी टेबलावरचा काजूगर उचलून तोंडात टाकला. ते गेल्यावर मास्तरांनी कागद पुन्हा वाचायला घेतला, पण चूक कोणत्या ओळीत होती हे त्यांनाच आठवेना. ती सापडायला पुढचे दोन शनिवार गेले. नाबर तिला ‘फादरांनी गिळलेली चूक’ म्हणत.

मास्तरांचा एक नियम नाबरांना अजिबात पटत नसे. दुसऱ्याची ओळ मास्तर स्वतः कधीही दुरुस्त करत नसत. नाबरांच्या कागदावर एक स्वल्पविराम राहिला होता. मास्तरांनी तो कागद काजूगरासकट पाकिटात घातला, कंडक्टरकडे दिला, कुडाळला पाठवला आणि आठवडाभर वाट पाहिली.

“एक स्वल्पविराम, मास्तर! तुमी घातलास असतो तर हात झडलो असतो?”

“दुसऱ्याच्या ताटात हात घालूचो नाय, आप्पा. माझो स्वल्पविराम तुझ्या घरात कित्याक?”

आमच्या दैनिकाच्या कचेरीत असा नियम नव्हता. तिथले उपसंपादक माझ्या बातमीत हवे ते घालत, नको ते काढत, आणि झालेला बदल मला इतर वाचकांबरोबरच कळे.

कुंदाबाई पहिले काही शनिवार खाली मान घालून काजूगर खात. मग एकदा मास्तरांचे गाऱ्हाणे संपताच त्या उभ्या राहिल्या आणि हात जोडून म्हणाल्या, “बा म्हाराजा! जी ओळ चुकलेली म्हणतत ती चुकलेली नाय. काजूगर एक ओळ खाली सरकलो हा!” नाबर “व्हय म्हाराजा” म्हणावे की नाही या विचारात पडले. मास्तरांनी चष्मा पुसला, कागद डोळ्यांजवळ नेला आणि काजूगर एक ओळ वर सरकवला. त्या दिवसापासून गुणपत्रिकेचा मुख्य प्रोग्रॅम कुंदाबाईंच्या नावावर झाला. प्रोग्रॅमच्या पहिल्या ओळीत तसे लिहिले होते.

वार्षिक परीक्षेनंतर मुख्याध्यापक सामंत सरांनी बातमी आणली. जिल्ह्याच्या ठिकाणाहून शिक्षण खात्याचे साहेब यंत्र बघायला येणार होते. जिथे यंत्रे नुसती झाकून ठेवली होती तिथून ती उचलून दुसरीकडे दिली जात होती. कुंदाबाईंची तात्पुरती जागा याच यंत्रामुळे मंजूर झालेली होती. यंत्र गेले तर जागा जाणार. बांद्याचे त्यांचे घर त्या पगारावर चालत होते. हे सगळ्यांना माहीत होते. नाबरांनी रजा टाकली.

साहेब शनिवारी यायचे होते. शुक्रवारी दुपारी प्रोग्रॅम तीनदा चालवून पाहिला. मुलाचा हजेरी क्रमांक टाकला की पडद्यावर नाव, गुण, श्रेणी येत होते. कुंदाबाई दुपारच्या गाडीने बांद्याला गेल्या. मास्तर यंत्रापाशी थांबले.

शनिवारी साहेब आले. करड्या सफारीतले, कमी बोलणारे, कचेरीतले मराठी बोलणारे गृहस्थ. “यंत्र वापरात आहे, हे प्रत्यक्ष दाखवा,” ते म्हणाले. कुंदाबाईंनी कळ दाबली. पडद्यावर हजेरी क्रमांकाऐवजी नाव विचारणारी ओळ आली. त्या क्षणभर थांबल्या.

“उत्तम. नावाने शोधता येते,” साहेब म्हणाले. “नववीतला एखादा हुशार विद्यार्थी?”

“परब एस.,” सामंत सर म्हणाले. यंत्रात मुलांची नावे इंग्रजीत, आडनाव आणि पहिले अक्षर एवढीच भरलेली होती. सदानंद परब वर्गात पहिला होता. पडद्यावर त्याचे गुण आले, प्रथम श्रेणी आली. साहेबांनी मान डोलावली.

“आता एखादा कच्चा दाखवा.”

सामंत सरांना तोही तोंडपाठ होता. संतोष. सहामाहीपासून तो शाळेपेक्षा होडीवर जास्त दिसत असे. आत्ता तो खिडकीबाहेर उभा होता. त्याचेही नाव परब एस. कुंदाबाईंनी ते टाकले. प्रथम श्रेणी. खिडकीबाहेर संतोषने ते वाचले आणि तो घराकडे धावत सुटला.

“मधला कोणीतरी?”

सुधीर परब. प्रथम श्रेणी. सुरेश परब. प्रथम श्रेणी. नववीचा निम्मा वर्ग परबांचा होता आणि त्या वाडीत मुलांची नावे ठेवताना स सोडून दुसरे अक्षर कोणाला सुचले नव्हते. सामंत सरांनी घाम पुसला आणि शिवराम सांगितला. इंग्रजीत तोही एसच. प्रथम श्रेणी. यंत्र परब एस. म्हटले की पहिला जो सापडे तोच दाखवत होते.

“या शाळेत नापास कोण होते?” साहेबांनी विचारले.

सामंत सर वळले. “बाई, हे काय? प्रोग्रॅम तुमचा ना? पहिल्याच ओळीत नाव आहे तुमचे!”

कुंदाबाईंनी प्रोग्रॅम पडद्यावर उलगडला. मध्येच चार ओळी होत्या. त्या त्यांनी वाचल्या, पुन्हा वाचल्या. कोणाच्या आहेत ते त्यांना कळले असावे, कारण त्यांनी मान वर केली नाही. “हो. प्रोग्रॅम माझा आहे,” त्या म्हणाल्या.

मागे खुर्ची सरकली. मास्तर उठले, चपला काढल्या, यंत्रासमोर येऊन हात जोडले.

“मास्तर, आत्ता नको,” सामंत सर कुजबुजले.

“बा म्हाराजा! आज ह्या मशिनीसमोर सायब इलेले आसत. कुंदाबायन जो प्रोग्रॅम लिवलो, तो हजेरीचो नंबर इचारी होतो. एकाचो नंबर दुसऱ्याक लागणा नाय. तो बरो होतो!”

“व्हय म्हाराजा,” नाबर म्हणाले. सवयच ती.

“काल बाय गावाक गेल्यार तेच्यात चार ओळी घुसडलेल्यो आसत. सायबांक नाव सांगूक बरा पडात म्हणान. बायक इचारूक नाय, सांगूक नाय. तर त्यो ओळी घुसडणारो...” इथे रीतीप्रमाणे ‘जो कोण आसात’ यायला हवे होते. नाबरांनी श्वास घेऊन ठेवला होता. “...घुसडणारो पेद्रू फर्नांडिस. तेका तशी बुद्धी दी.”

नावासकट आलेल्या गाऱ्हाण्याला काय म्हणायचे, हे कोणालाच ठाऊक नव्हते. मग कुंदाबाई हळू आवाजात म्हणाल्या, “व्हय म्हाराजा.”

साहेबांनी चष्मा काढला. “मास्तर, गाऱ्हाण्यात नाव घेणत नाय. आमच्या विजयदुर्गाकडे तरी नाय. तुमका ठावक नाय?”

“ठावक आसा, सायबानू. पण आज माझा नाव घेवक नसतंय तर ता दुसऱ्याच्या कपाळार चिकटला असता.”

साहेबांनी चष्मा परत लावला. मग पुन्हा कचेरीतल्या मराठीत म्हणाले, “चूक दुरुस्त व्हायला किती वेळ?”

“बाई, त्या ओळी काढून टाका चटकन!” सामंत सर म्हणाले.

कुंदाबाई खुर्चीवरून उठल्या. त्यांनी डब्यातून एक काजूगर काढला, यंत्राच्या कळांशेजारी ठेवला आणि खुर्ची मास्तरांकडे फिरवली.

“दुसऱ्याच्या ताटात हात घालूचो नाय, सर. ओळी तुमच्यो. तुमीच काढा.”

मास्तर बसले. ते एका बोटाने टंकलेखन करत. साहेबांचा चहा येऊन संपला तेव्हा चौथी ओळ गेली. पडद्यावर पुन्हा हजेरी क्रमांक विचारणारी ओळ आली. सामंत सरांनी संतोषचा क्रमांक सांगितला आणि संतोष चार विषयांत नापास झाला.

“हे खरे वाटते,” साहेब म्हणाले आणि उठले. नियमाप्रमाणे काजूगर मास्तरांचा होता. त्यांनी तो खाल्ला.

यंत्र राहिले. जूनमध्ये कुंदाबाईंच्या नेमणुकीचा हुकूम आला आणि त्यावर ‘तात्पुरती’ हा शब्द नव्हता. संतोषच्या आईने मात्र तोवर वाडीभर गोड खाजे वाटले होते. तिला खरे काय ते सांगायला मास्तर स्वतः गेले. खाजे खाऊन परत आले. सांगायचे राहिले, असे म्हणाले.

मी या प्रात्यक्षिकाची बातमी पाठवली. छापून आली तेव्हा तिच्यात उपसंपादकांनी एक वाक्य घातलेले होते: ‘सर्व विद्यार्थी प्रथम श्रेणीत उत्तीर्ण झाल्याचे संगणकाने दाखवून दिले.’ मास्तरांनी अंक हातात घेतला.

“तुका इचारल्यानी?”

“नाही.”

त्यांनी त्या वाक्यावर काजूगर ठेवला. “धाड तेका.”

कात्रण आणि काजूगर मी पाकिटात घालून टपालात टाकले. उत्तर आले नाही.

पुढे माझी बदली झाली. काही वर्षांनी एका शनिवारी त्या बाजूला कामानिमित्त गेलो होतो. मास्तर निवृत्त झाले होते, पण शनिवारी शाळेत येतात असे कळले. मी व्हरांड्यातून गेलो आणि खिडकीपाशी थांबलो. वीज नव्हती. टेबलावर कागद पसरलेले होते. मास्तर खुर्चीत होते, पूर्वीपेक्षा अधिक वाकलेले, जाड भिंगांच्या चष्म्यातले. कुंदाबाई समोर हात जोडून उभ्या होत्या. टेबलावर काजूगर तीन होते.

“...काम बरा झालेला आसा, म्हाराजा. पण खालच्या तीन ओळींत शून्यान भागलेला आसा. तर ज्या कोणाच्या हातसून ह्या झाला आसात, तेका तशी बुद्धी दी!”

खोलीत दोघेच होते.

“व्हय म्हाराजा!” मास्तर एवढ्या मोठ्याने ओरडले, की व्हरांड्यातली कबुतरे उडाली.